घाट चढण्यापुरतं इंजिन

तुमच्या आजोबांची छोटी गाडी शेवटी भंगारात गेली, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे वाचताना तिच्यात जीव गुंतायला नको. तुमच्या तिकडे असल्या जुन्या गाड्या लोक घासूनपुसून प्रदर्शनात उभ्या करतात म्हणे, आणि परवा फोनवर तुम्ही मला ‘आजी, ती तर क्लासिक!’ म्हणालात. वसईत तिला तसं कुणी म्हटलं नाही. तसलीच गाडी मुंबईत काळ्या-पिवळ्या रंगात टॅक्सी म्हणून धावायची. आमची फिकट निळी, एवढाच फरक. गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ, पुढची सीट बाकासारखी सलग आणि इंजिन जेमतेम अकराशे सीसीचं. त्या इंजिनाची ताकद वाढवायच्या योजना आजोबांनी कितीतरी वर्षं आखल्या. कशासाठी, हे तुमच्या बाबांनी तुम्हाला सांगितलेलं नसणार. त्यांना तो विषय आवडत नाही.

ते सगळं आजोबांच्या थोरल्या बहिणीसाठी चाललं होतं. तिला आम्ही आक्का म्हणायचो. आजोबांची आई ते लहान असतानाच गेली, मागोमाग वडील गेले, आणि आक्कानं या धाकट्या भावाला स्वतःच्या सासरी नेऊन वाढवलं. तिचं सासर माळशेज घाटाच्या वर, जुन्नरच्या बाजूला. सासरी राहून भावाला शाळेत घालायचं म्हणजे काय, ते आज समजावून सांगणं कठीण आहे. भावाच्या प्रत्येक भाकरीमागे तिला कुणाचं ना कुणाचं ऐकून घ्यावं लागलं. आणि आईवडील नाहीत, घर नाही, म्हणून तिला स्वतःला माहेर असं उरलंच नाही. गावातल्या बायका दिवाळीला, पंचमीला माहेरी जायच्या, तेव्हा ही शेतात काम काढायची.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही मुंबईतली भाड्याची खोली सोडून वसईला हा फ्लॅट घेतला. तळमजला, मागे केळीची बाग, समोर गाडी उभी करायला जागा. आजोबांच्या घराण्यातलं ते पहिलं स्वतःचं घर. आजोबांनी आक्काला फोन करून सांगितलं. गावात फोन किराणा दुकानात होता; तिला निरोप पाठवून बोलवावं लागे. ती धापा टाकत आली आणि सगळं ऐकून एवढंच म्हणाली, “मंग आता मला म्हायेर झालं म्हणायचं.”

“मी न्यायला येतो,” आजोबा म्हणाले. “गाडी घेऊन येतो.”

आपल्याकडे सासरी गेलेली मुलगी माहेरी आपली आपण येत नाही. माहेरून कुणीतरी तिला न्यायला जावं लागतं. जो जातो तो मुराळी. शहरात हे केव्हाच संपलं होतं. पण आक्काच्या आयुष्यात मुराळी कधी आलाच नव्हता, म्हणून तिला तो हवा होता. आणि एकदा हवा होता, एवढंच. त्यात काही अवघड नव्हतं.

अवघड झालं ते आधी एकदा घाटात घडलेल्या प्रकारामुळे. आम्ही मुंबईत असताना आक्काला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आणलं होतं. परत सोडायला आजोबा गाडी घेऊन निघाले. मी आणि तुमचे बाबा मागे, आक्का पुढे. माळशेजच्या अर्ध्यात गाडीचं पाणी उकळलं, बॉनेटखालून वाफ आली. आजोबांनी गाडी कडेला घेतली. आक्का डोळ्याला हिरवी पट्टी लावून रस्त्याकडेच्या दगडावर बसली. तेवढ्यात तिच्याच गावाकडची एसटी खालून आली आणि वेग कमी करून आमच्याशेजारून गेली. खिडक्यांतून सगळी ओळखीची तोंडं.

“आक्का, चला की आमच्यासंगं! तुमच्या भावाच्या मोटारीला चहा पाजून येऊ द्या मागनं!”

एसटीभर लोक हसले. आक्का उठली नाही. “माझा भाऊ सोडतोय मला,” तिनं ओरडून सांगितलं आणि पदर सारखा केला. तास-दीड तासानं आम्ही गावात पोचलो तेव्हा गोष्ट आमच्या आधी पोचली होती. पारावर एकानं आजोबांना विचारलं, “काय पाव्हणं, आक्कांनी ढकलली का तुमची गाडी?” आजोबा हसले. त्या हसण्याचा अर्थ मला पुढे बऱ्याच वर्षांनी कळला.

म्हणून वसईहून मुराळी होऊन जायचं ठरलं, तेव्हा आजोबांनी मनाशी अट घातली: गाडी घाटात थांबता कामा नये. आक्का पुन्हा दगडावर बसणार नाही.

आजोबा कारखान्यात ड्राफ्ट्समन होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांचं शिक्षण मराठी शाळेत झालेलं, आणि गाड्यांच्या इंजिनांवरची पुस्तकं इंग्रजीत. ती मी वाचून दाखवायची. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की मी खुर्चीत, ते जेवणाच्या टेबलावर कागद पसरून. त्यामुळे कॉम्प्रेशन म्हणजे काय, व्हॉल्व्ह केव्हा उघडतो नि केव्हा मिटतो, हे मला अजून पाठ आहे. इंजिनाच्या डोक्यावर एक झाकण असतं, त्याला हेड म्हणतात. ते खालून थोडं घासलं की आतली जागा कमी होते, पेट्रोल आणि हवा जास्त दाबली जाते, स्फोट जोरात होतो आणि ताकद वाढते. हे झालं पहिलं पाऊल. मग पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर मोठा. मग धूर बाहेर पडायला मोकळा पाइप. आजोबा प्रत्येक गोष्टीचं चित्र काढायचे, वरून, बाजूनं, कापून. चित्रं फार सुंदर असायची. तसं इंजिन जगात असतं तर खरंच घाट चढलं असतं.

मी एकदा म्हटलं, “पाणी उकळणं हा रेडिएटरचा प्रश्न आहे. ताकदीचा नाही.”

“अशक्त माणसाला चढावर घाम जास्त येतो,” आजोबा म्हणाले.

माणिकपूरला चर्चच्या मागच्या गल्लीत एक गॅरेज होतं. मालक तोच मेकॅनिक, वसईतलाच, जुन्या ख्रिस्ती वाडीतला, चाळिशीचा, गोड स्वभावाचा. त्याचा दोष एकच, तो सगळ्यांचं खरं मानायचा. आजोबांनी त्याला ताकदीचं सांगितलं तर म्हणाला, “बरोबर आहे काका, इंजिन दमतं.” मी रेडिएटरचं सांगितलं तर म्हणाला, “बाई, ते पण बरोबर. पानी फिरत नाय नीट.”

“मग करायचं काय?” मी विचारलं.

“दोनी करू! होऊन जाईल.”

पहिल्यांदा नुसतं हेड घासलं. वालीवच्या एका छोट्या कारखान्यात ते काम झालं. आता गाडी भरल्यावर कशी चढते ते बघायचं होतं, आणि आजोबांना कुठलीही गोष्ट अंदाजानं करायची सवय नव्हती. त्यांनी दुकानात फोन लावून आक्काला बोलावून घेतलं.

“आक्का, तुझं वजन किती गं?”

“काय रं, बाजारात उभी करतोस का काय मला?”

“इंजिनासाठी विचारतोय.”

“इंजिनाला म्हणावं, म्हातारी हलकी झालीय. पण तिच्या संगं कुरडया हायेत, हरभरे हायेत, घेवडा हाय. त्याचं धर मोजमाप.”

मग आजोबांनी बांधकामावरून रेती आणली, आक्काच्या वजनाची पोती भरली, घेवड्याचं वेगळं पोतं, आणि मागच्या सीटवर नीट बसवली. आम्ही हायवेनं खाडीचा पूल ओलांडून घोडबंदरच्या बाजूला निघालो. तिकडे गायमुखचा चढ आहे. माळशेजपुढे तो काहीच नाही, पण वसईकरांना जवळ तेवढाच. पुलापलीकडे हवालदारानं हात केला. त्या दिवसांत खाडीतून चोरटी रेती उपसून न्यायचे, म्हणून तपासणी चालायची. त्यानं खिडकीतून आत पाहिलं.

“रेती कुठं नेताय?”

“कुठं नाही. परत आणणार आहे,” आजोबा म्हणाले.

“मग कशाला भरली?”

“वजन म्हणून. बहिणीचं आहे.”

हवालदारानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. “आणि ते छोटं पोतं?”

“तो घेवडा.”

त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. मग म्हणाला, “जा काका. सावकाश जा,” आणि आजारी माणसाला वाट द्यावी तशी वाट दिली.

गायमुखच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनातून आवाज यायला लागला, पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तसा. तो आवाज मी पुस्तकात वाचलेला होता. त्या काळच्या पेट्रोलला एवढा दाब सोसत नव्हता; ते वेळेआधीच पेटत होतं. मेकॅनिकनं नंतर ठिणगी जरा उशिरा पडेल असं केलं. आवाज गेला, पण वाढलेली ताकदही गेली. म्हणजे हेड घासून आम्ही होतो तिथेच आलो. आजोबांनी मात्र त्यातून उलटा अर्थ काढला: एकटं हेड उपयोगाचं नाही, सगळंच एकदम केलं पाहिजे.

तिथून योजना वाढत गेली. मोठा कार्बोरेटर लावायचा तर व्हॉल्व्ह मोठे हवेत. व्हॉल्व्ह मोठे केले की उष्णता वाढणार, मग रेडिएटर जाड हवा. जाड रेडिएटर बसवायला पुढे जागा नाही, मग पंखा काढून विजेचा लावायचा. त्याला डायनॅमो पुरा पडत नाही. प्रत्येक दुरुस्ती आणखी एका दुरुस्तीच्या दारात नेऊन सोडायची. मी रोज वाचत होते आणि मला दिसत होतं की हे संपणारं नाही. त्यांनाही दिसत असावं. हिशेबात चूक काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

मधल्या काळात ते आक्काला भेटत नव्हते असं नाही. दर भाऊबीजेला एसटीनं जायचे, ओवाळून घ्यायचे, दुसऱ्या दिवशी परत. तिला एसटीनं आणता येत नव्हतं. तिचे गुडघे गेले होते, एसटीची पायरी चढवत नव्हती, आणि घाटात तिला उलट्या व्हायच्या. आजोबा सोबत चित्रं न्यायचे. आक्का ती मांडीवर पसरून शेजारणींना दाखवायची. “माझा भाऊ गाडीचं इंजिन मोठं करतोय. मला न्यायला.” तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण कागदाच्या कडा ती जपून धरायची, असं आजोबा सांगायचे. त्यामुळे झालं असं, की आता साऱ्या गावाला ठाऊक झालं. आणि जे गावाला ठाऊक झालं, त्यातून माघार घेणं आजोबांना जमणारं नव्हतं.

तुमचे बाबा तेव्हा नुकते नोकरीला लागले होते. एका रविवारी जेवताना ते म्हणाले, “बाबा, नायगावला माझ्या मित्राकडे जीप आहे. सकाळी निघू, रात्री आत्याला घेऊन घरी. विषय संपला.”

“मुराळी दुसऱ्याच्या गाडीतून जातो का?”

“मुराळी बैलगाडीतून जायचा बाबा, आणि ती पण बऱ्याचदा मागून आणलेली असायची.”

“तू जेव.”

“तुम्हाला आत्याला आणायचंय की त्या एसटीतल्या लोकांना दाखवायचंय?”

आजोबांनी ताट तसंच ठेवलं आणि उठले. त्यानंतर बापलेकांत गाडी हा शब्द निघाला नाही.

मी मग स्वतः आक्काला फोन केला. म्हटलं, वन्सं, तुम्हीच त्यांना सांगा की जीप चालेल. तुमचं ऐकतील.

पलीकडे दुकानातला गलबला ऐकू येत होता. ती म्हणाली, “त्यानं गाडीनं नेतो म्हटलंय. आता मीच कशी म्हणू, तुझी गाडी नगं? लहानपणी लई खाली बघितलंय त्यानं माझ्या दारात. आता नगं.”

“पण तुम्हाला यायचंय ना?”

“यायचंय की. त्याचं जमंल तवा यीन.”

तिनं त्याचा मान राखला, त्यानं तिचा. दोघांनाही मी वेगवेगळं सांगून पाहिलं, तुमच्या बाबांनी भांडून पाहिलं. एकमेकांसाठी एवढं जपणाऱ्या माणसांच्या मध्ये शिरायला जागाच नसते.

शेवटच्या वर्षी आजोबांनी ठरवलं की या दिवाळीला काहीही झालं तरी गाडी न्यायची. तसं त्यांनी आक्काला कळवलंही: भाऊबीजेला ओवाळायला ये तू बाहेर, मी गाडीतच बसून राहतो. ती खूप हसली म्हणे. पावसाळ्यात इंजिन पूर्ण उघडलं. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं खालचं धड, गॅरेजमध्ये, हेड मोठ्या व्हॉल्व्हसाठी वालीवला. पण नारळी पौर्णिमेच्या सुमाराला मासेमारी सुरू होते, आणि त्याआधी पाचूबंदर आणि अर्नाळ्याच्या होड्यांची इंजिनं दुरुस्तीला येऊन गॅरेजमध्ये रांग लागते. मेकॅनिकचं वर्षाचं पोट त्यावर होतं. तो म्हणाला, “काका, होड्या पाण्यात उतरल्या की तुमचंच काम.” त्यात काही चूक नव्हतं. होड्या उतरल्या, मग वालीवचा कारागीर गणपतीला गावी गेला तो दसऱ्यानंतर आला. आल्यावर त्यानं सांगितलं की मागे घासताना हेड फार पातळ झालंय, व्हॉल्व्हची बैठक मोठी केली तर तडा जाईल. दुसरं हेड शोधावं लागेल. दुसरं हेड म्हणजे कुठल्या तरी मोडीत काढलेल्या टॅक्सीचं.

दिवाळी आली. आमची गाडी समोर उभी होती, बॉनेट उघडं, आत मोकळी जागा. मी म्हटलं, नेहमीसारखे एसटीनं जा.

“यंदा गाडीनं येतो म्हणून सांगितलंय. कुठल्या तोंडानं जाऊ?”

आणि ते गेलेच नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा भाऊबीज चुकली. दुकानात फोन लावून त्यांनी निरोप ठेवला: महिनाभरात येतो. तुमच्या बाबांनी जाऊन यावं असं मी सुचवलं, तर आजोबा म्हणाले, “तो जाऊन काय करणार? मुराळी मी आहे.”

नाताळाच्या आधी आक्का गेली. थंडीत ताप आला, दोन दिवस अंगावर काढला, तिसऱ्या दिवशी संपलं. माणिकपूरच्या घरांवर चांदण्या लागल्या होत्या, गॅरेजला सुट्टी होती. आम्ही तिघं कल्याणहून एसटीनं गेलो. घाटात एसटी पहिल्या गिअरमध्ये हळूहळू, न थांबता चढली. आजोबा खिडकीशी बसले होते. तो दगड कुठे होता ते मला ओळखता आलं नाही. त्यांना आलं असेल.

आक्काची सून मनात काही ठेवून बोलली नाही. ती साधी बाई होती. तिनं आजोबांना पाणी दिलं आणि सांगितलं, “भाऊबीजेला ताट लावून बसल्या होत्या ओट्यावर. आम्ही म्हटलं, निरोप आलाय, यायचे नाहीत. तर म्हणे, गाडी हाय, निघाला असंल उशिरा.”

दहाव्या दिवशी सगळे नदीवर गेलो. तिकडे बायकाही जातात. पिंड ठेवतात आणि कावळ्याची वाट पाहतात. कावळा शिवला म्हणजे गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली नाही, असं मानतात. शिवला नाही तर घरची माणसं एकेक करून पुढे होतात आणि काय राहिलं असेल ते पुरं करायचं वचन देतात. माझा त्यावर विश्वास नाही. त्या दिवशीही नव्हता. पण बाभळीवर दोन कावळे बसलेले होते आणि खाली उतरत नव्हते, हे मी पाहिलं.

आक्काचा मुलगा पुढे झाला, म्हणाला, वाटण्या होऊ देणार नाही. सून म्हणाली, नातीचं शिक्षण करू. कावळे जागचे हलले नाहीत. मग माणसं आजोबांकडे बघायला लागली. कुणी नाव घेतलं नाही. गुरुजीच म्हणाले, “तुम्ही बोला. बहिणीचं तुमच्यापाशी राहिलं असेल.”

आजोबांनी चपला काढल्या, पिंडापाशी जाऊन हात जोडले. “आक्का,” ते म्हणाले, “इंजिन उघडून ठेवलंय. हेड पातळ निघालं. दुसरं बघतोय. नाताळ झाला की गॅरेज उघडेल, मग...”

ते थांबले. मागून एक म्हातारा दबक्या आवाजात म्हणाला, “अहो, नेतो म्हणा. गाडीनं म्हायेरी नेतो म्हणा. एवढं म्हणायला काय जातंय?”

आजोबांनी तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. तुमचे बाबा माझ्याशेजारी उभे होते; त्यांनी नदीकडे तोंड फिरवलं. ऊन चढत होतं. गुरुजींनी घड्याळ पाहिलं आणि आक्काच्या मुलाला खूण केली. त्यानं दर्भाची गाठ मारून कावळा केला आणि तो पिंडाला लावला. लोक पाण्याकडे सरकले. आजोबा तिथेच हात जोडून उभे होते, आणि पुढच्या विधीला जागा हवी म्हणून शेवटी मला त्यांना दंडाला धरून बाजूला न्यावं लागलं.